दुपारी दम टाकणारा हार्वेस्टर

सकाळी हार्वेस्टर बांधीत उतरतो तेव्हा झोकात चालतो. दुपार झाली, की धुऱ्यावर चढताना तोच दम टाकू लागतो. इंजिनचा आवाज मात्र ठणठणीत! चालक दांडा आणखी पुढे रेटतो, कुणी डिझेलची गाळणी बदलायला सांगतो. धान पिकून उभे, आभाळ भरून आलेले आणि यंत्र जागच्या जागी कण्हत उभे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या शेतकरी बंधूंनो, अशा वेळी इंजिनला दोष देण्याआधी तेलाकडे बघा.

रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या बहुतेक धान-कापणी यंत्रांत इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते. इंजिन पंप फिरवते, पंप तेल जोराने मोटारीत ढकलतो आणि मोटार गिअरपेटीमार्फत पट्टे फिरवते. दांडा पुढे सारला, की पंपातली तबकडी कलते, तेल जास्त जाते, वेग वाढतो. दांडा मागे घेतला, की तेल उलट वाहते आणि यंत्र मागे येते. यालाच हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात.

म्हणजे इथे तेल नुसते वंगण नाही, बैलजोडीच आहे. ते फार तापले, की पातळ होते, पंपातल्या बारीक फटींतून मागे झिरपते आणि जोर कमी पडतो. तसेच यंत्र रेटत राहिले, तर पंप आतून घासला जातो. मग दुरुस्तीचा खर्च हंगामाची कमाई खाऊन टाकतो.

तेल तापू नये म्हणून काय करावे? रेडिएटरची जाळी आणि तेल थंड करणारी जाळी तणसाच्या भुशाने भरते. इंजिन बंद करून ती दिवसातून दोन-तीनदा झाडावी. पंपाचा पट्टा सैल नाही ना, हे पाहावे. तेलाची पातळी सपाट जागी तपासावी. टोपण उघडण्याआधी भोवतालची माती पुसून घ्यावी, कारण चिमूटभर धूळही पंपाला पुरते. तेल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. फेसाळले तर हवा शिरली आहे. दोन्ही वेळा काम थांबवून कारण शोधावे. हाती लागेल त्या डब्यातले तेल ओतू नये. यंत्राच्या पुस्तकात सांगितलेलेच घालावे. नव्या यंत्राचे पहिले तेल आणि गाळणी लवकर बदलावी लागते, कारण सुरुवातीच्या झिजेचे धातूकण त्यात उतरतात.

बंद पडलेले यंत्र ट्रॅक्टरला बांधून तसेच ओढू नये. पुस्तकातली रीत आधी पाहावी, नाहीतर मोटार पुरेशा तेलाविना फिरून खराब होते.

आणखी एक, जिवाच्या मोलाचे. नळीतून तेल कुठे फवारते आहे, हे बोटाने चाचपू नका. दाबाचे तेल सुईसारखे कातडीत घुसते. इंजिन चालू असेल, तर दूर उभे राहून पुठ्ठा धरून बघा. तेल घुसलेच, तर जखम टिचभर दिसली तरी त्याच घटकेला दवाखाना गाठा.

घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला एक वही द्या. यंत्र किती तास चालले, तेल कधी घातले, गाळणी कधी बदलली, एवढे रोज लिहायला सांगा. गोठ्यातल्या बैलाला आपण वेळेवर पाणी दाखवतो. बांधीतल्या या बैलाचे पाणी म्हणजे त्याचे तेल.