टेक्सासच्या विद्यापीठातलं पिस्तूल: ऐकीव आणि खरं

ऑस्टिन, डॅलस किंवा ह्यूस्टनला शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तिथे म्हणे कॉलेजात पोरं कमरेला पिस्तूल लावून येतात.’ यात खरं थोडं आहे आणि तेवढ्यानेच घोळ होतो.

टेक्सासचा ‘कॅम्पस कॅरी’ कायदा 2015 साली मंजूर झाला आणि 1 ऑगस्ट 2016 पासून सरकारी विद्यापीठांत लागू झाला. त्याच्या बरोबर 50 वर्षं आधी, त्याच तारखेला, ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या मनोऱ्यावरून गोळीबार झाला होता. अंमलासाठी नेमकी हीच तारीख यावी, हे मला तरी फार असंवेदनशील वाटतं.

पण कमरेला लावून, उघड? तसं मुळीच चालत नाही. पिस्तूल कपड्याआड किंवा हाताशी असलेल्या पिशवीत, कुणाला दिसणार नाही असंच ठेवावं लागतं. परवानगी आहे ती फक्त पिस्तुलाला, रायफलला नाही. 2021 पासून टेक्सासमध्ये रस्त्यावर बिनपरवाना पिस्तूल बाळगता येतं, म्हणून विद्यापीठातही परवाना लागत नाही असं अनेक जण धरून चालतात. विद्यापीठाच्या इमारतीत परवाना आजही लागतो.

‘2016 च्या आधी आवारात शस्त्र नव्हतंच,’ हेही चूक. आवारातल्या रस्त्यांवर, मोकळ्या जागेत परवानाधारक आधीही पिस्तूल बाळगू शकत होते. नवीन कायद्याने त्यांना इमारतींची दारं उघडली, वर्गांचीसुद्धा.

‘विद्यापीठाला नको असेल तर ते बंदी घालतीलच ना?’ खासगी विद्यापीठाला तो अधिकार आहे आणि राइस विद्यापीठासह बहुतेकांनी तो वापरला. सरकारी विद्यापीठाला सरसकट बंदी घालता येत नाही, फक्त वाजवी मर्यादा आखता येतात. ऑस्टिनमध्ये धोकादायक रसायनांच्या प्रयोगशाळा, रुग्णसेवेच्या जागा, वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या अशा ठिकाणी मनाई ठेवली गेली. ज्यांना स्वतंत्र खोली आहे अशा प्राध्यापकांना तिथे पिस्तूल नको असं सांगता येतं, वर्गात मात्र नाही. पिस्तुलाच्या नळीत गोळी भरून ठेवू नये, असा एक नियमही विद्यापीठाने सुचवला होता. नियामक मंडळाने तो काढून टाकला. कॅम्पस कॅरीविरुद्ध तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या. विद्यार्थी सशस्त्र असू शकतो या धास्तीने वर्गातली मोकळी चर्चा आक्रसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. 2018 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की ही धास्ती फक्त शक्यतेवर उभी आहे, तेवढ्यावर दावा चालणार नाही. मला त्या प्राध्यापिकांचं म्हणणं पटतं, पण कायदा आज त्यांच्या बाजूने नाही.

आपल्या मुलांच्या दृष्टीने सगळ्यात महागात पडू शकणारा गैरसमज पुढे आहे: ‘राज्याचा कायदा सगळ्यांना सारखा, मग मलाही चालेल.’ चालत नाही. एफ-1 सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची मनाई आहे. राज्य कोणतंही असो, विद्यापीठ काहीही म्हणो. 2022 पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा 15 वर्षं आहे. व्हिसाचं काय होईल ते वेगळंच. आणि ‘बाळगणं’ म्हणजे विकत घेणंच असं नाही. वीकेंडला मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणं यातच मोडतं. वर त्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकणं म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध पुरावा देणं. कायद्यात काही अपवाद आहेत, त्यातला माहीत असलेला म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना. पण त्यावर विसंबण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, रूममेटला नव्हे.

चाकूंकडे कुणाचं लक्ष जात नाही. टेक्सासमध्ये साडेपाच इंचांहून लांब पात्याचं कोणतंही हत्यार शिक्षणसंस्थेच्या इमारतीत नेता येत नाही. त्यामुळे शिवजयंतीला सभागृहात खरी तलवार घेऊन जाण्याचा बेत मराठी मंडळाने आधी विद्यापीठाच्या पोलिसांपुढे ठेवावा. वसतिगृहात मोठी सुरी न्यायची असेल तर तिथलाही लेखी नियम वाचून घ्यावा.

शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे परवाना आहे का, असं विचारून तो दाखवायला लावण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि प्राध्यापकांनाही नाही, तो पोलिसांचा. वर्गात कुणाचं पिस्तूल दिसलंच, तर वाद घालू नका. बाहेर पडा आणि 911 ला फोन करा.