निळा पडदा आला म्हणजे डिस्क मेली असे नाही

घरातला कॉम्प्युटर बंद पडला, की दुकानात पहिला शब्द ऐकू येतो तो 'फॉरमॅट'. दहा मिनिटांत निकाल लागतो आणि घरची माणसे मान डोलावून परत येतात. गेल्या पावसाळ्यात आमच्यावर हीच वेळ आली होती. वाचकांच्या घरीही ती येऊ शकते, म्हणून सविस्तर सांगतो.

आम्ही आठ दिवस गावी गेलो होतो. निघताना भिंतीवरची सगळी बटणे बंद केली. परत येऊन कॉम्प्युटर लावला. विंडोज १० चे चिन्ह उमटले, ठिपके फिरले आणि पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजीत शब्द होते, 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, "हार्ड डिस्क गेली. नवी टाका. जुन्यातले काही मिळायचे नाही."

पैशाची चिंता होतीच. पण त्या डिस्कवर आमच्या आईचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. चूक आमचीच.

शेजारचा मुलगा आयटीआयला कोपा ट्रेड शिकतो. त्याने पडदा पाहिला आणि विचारले, "काका, डिस्क मेली असती तर विंडोज एवढे तरी सुरू कसे झाले?"

या एका प्रश्नात सगळे आले. बटण दाबल्यावर आधी जागा होतो तो बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम. तो आपल्या साध्या पद्धतीने डिस्क वाचतो आणि विंडोजचे कर्नेल मेमरीत आणून ठेवतो. कर्नेल म्हणजे फौजेतला कर्नल नव्हे. सगळ्या यंत्रावर हुकूम चालवणारा विंडोजचा गाभा. कारभार हाती आला की तो बायोसवर विसंबत नाही. डिस्क वाचायला त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. हा ड्रायव्हरही एक प्रोग्रामच. एस.टी.ने फाट्यावर उतरवले आणि पुढे गावात जायला जीपच नाही, अशी कर्नेलची गत झाली होती. डिस्क समोर होती, पण पोहोचायला वाट नव्हती. अशा वेळी अंदाजाने पुढे गेले तर माहितीची नासाडी होईल, म्हणून कर्नेल मुद्दाम थांबतो. तोच तो निळा पडदा.

एरवी कर्नेल पडताना मेमरीची नक्कल डिस्कवर लिहून ठेवतो. जाणकार ती उघडून कुठला ड्रायव्हर दोषी ते शोधतात. इथे डिस्कच हाती लागत नव्हती, मग पंचनामा लिहायचा कशावर? म्हणून पडद्यावरचे शब्द हाच एक पुरावा. जुन्या विंडोजमध्ये याच दोषाचा आकडा ७बी असा दिसे.

मुलाने बायोस उघडला. डिस्कचे नाव तिथे व्यवस्थित दिसत होते. तारीख मात्र कित्येक वर्षे मागची! तो हसला आणि म्हणाला, "सेल संपलाय." मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. वीज नसताना बायोसचे घड्याळ आणि मांडणी तो सांभाळतो. सेल मेलेला आणि आठ दिवस वीज बंद, म्हणून बायोस सगळे विसरला आणि कारखान्यातल्या मांडणीवर गेला. डिस्कशी बोलण्याची पद्धत 'एएचसीआय' होती, ती 'आयडीई' झाली. विंडोज बसवताना जो ड्रायव्हर लागतो तोच सुरुवातीसाठी तयार ठेवला जातो. वेळ वाचावा म्हणून बाकीचे बाजूला पडतात. त्यामुळे नव्या पद्धतीचा ड्रायव्हर हजर नव्हता.

त्याने आधी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला, मग एक ओळ बदलून पुन्हा 'एएचसीआय' केली. कॉम्प्युटर सरळ सुरू झाला. सगळा खर्च एका सेलचा!

हाच पडदा डिस्क खरोखर बिघडल्यावरही येतो, वायर ढिली असली तरी येतो, नवा ड्रायव्हर फसला तरी येतो. बायोसमध्ये डिस्कचे नावच दिसत नसेल, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करू नका. बंद करून जाणकाराकडे न्या. पण नाव दिसत असेल, तर फॉरमॅटला 'हो' म्हणण्यापूर्वी तारीख आणि ती एक ओळ पाहायला सांगा. दुकानदार चिडला तरी चालेल.

त्याच संध्याकाळी फोटो दोन पेन ड्राइव्हवर उतरवले. एक धाकट्या बहिणीकडे पाठवला. रात्री तिचा फोन आला. आईचा हिरव्या लुगड्यातला फोटो तिने तोवर पाहिलाच नव्हता.