गिझरचा स्विच : वीज तोडावी कोठें व कशी

आमच्या सभासद-शेतकऱ्यांपैकीं पुष्कळांच्या न्हाणीघरांत चुलाणाच्या व बंबाच्या जागीं आतां विजेचा गिझर आला आहे. विहिरीवरील मोटारीच्या बाबतींत शेतकरी सावध असतो. स्टार्टरला हात लावण्यापूर्वीं पायांत चप्पल आहे कीं नाहीं हें तो पाहतो. घरांतील गिझर मात्र त्यास निरुपद्रवी वाटतो, आणि त्याच्याशीं व्यवहार होतो तो अनवाणी पायांनीं व ओल्या हातांनीं. नोकरीच्या काळांत विजेच्या धक्क्यानें झालेल्या मृत्यूंचे कांहीं पंचनामे आमच्या टेबलावरून गेले. त्यांपैकीं सर्वच शेतांतील नव्हते. म्हणून गिझरची वीज तोडणारा स्विच कसा असावा व तो कसा जोडावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम घरचेंच उदाहरण सांगतों. तीन हिवाळ्यांपूर्वीं आमच्या गिझरमधील तापणारी कांब निकामी झाली. दुरुस्तीस आलेल्या मिस्त्रीनें भिंतीवरचा स्विच बंद केला, लाल दिवा विझलेला पाहिला, स्टुलावर चढून गिझरचें झांकण काढिलें, आणि आंत पकड घालतांच तो धक्का बसून खालीं पडला. खांदा निखळला, जीव वांचला हें त्याचें व आमचें नशीब. मागून तपासतां असें आढळलें कीं, घर बांधतेवेळीं ज्यानें वायरिंग केलें त्यानें हा स्विच फेजच्या तारेवर न घालतां न्यूट्रलच्या तारेवर घातला होता. स्विच बंद होतांच प्रवाह थांबे, पाणी तापणें थांबे, दिवाहि विझे. परंतु फेजची तार सरळ कांबेपर्यंत जिवंतच राही. मयताचें नांव फेरफारांत कमी व्हावें आणि सातबाऱ्यावर तसेंच राहावें, त्यांतला हा प्रकार. वरून पाहणारास सर्व कांहीं पुरें झालेलें दिसतें.

घरांत येणाऱ्या दोन तारांपैकीं फेजमध्यें २३० व्होल्टचा दाब असतो. न्यूट्रल ही प्रवाह परत नेणारी तार. तिचा जमिनीशीं संबंध वीजपुरवठ्याच्या बाजूस जोडलेला असल्यामुळें तिच्यांत दाब जवळजवळ नसतो. यावरून कोणी म्हणेल कीं, एकच स्विच घालावा, मात्र तो फेजवर घालावा, म्हणजे झालें. दिव्यास व पंख्यास हें चालतें. गिझरला आमच्या मतें तें पुरेसें नाहीं, आणि खेडेगांवांत तर मुळींच नाहीं. खांबावर दुरुस्ती होतांना फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झाल्याचीं उदाहरणें घडतात. शिवाय वादळांत लाइनची न्यूट्रल तार तुटली, तर पलीकडच्या घरांतील चालू दिव्या-पंख्यांतून फिरून फेजचा दाब आपल्या न्यूट्रलवर येतो. अशा वेळीं फेजवरचा स्विच बंद असूनहि दुसऱ्या तारेनें वीज गिझरमध्यें शिरलेली असते. म्हणून स्विच असा हवा कीं, एका खटक्यानें फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा तुटाव्यात. यासच बाजारांत डी.पी. स्विच म्हणतात. अर्थिंगची तार मात्र कोणत्याहि स्विचमधून नेऊं नये. ती मीटरच्या बोर्डापासून गिझरच्या अंगापर्यंत अखंड असावी.

स्विचची ताकद गिझरवरील आंकडे पाहून ठरवावी. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारें ८.७ अँपिअर घेतो. ३००० वॅटचा झटपट पाणी देणारा लहान गिझर सुमारें १३ अँपिअर घेतो. दोहोंसहि २० अँपिअरचा डी.पी. स्विच चालतो. तार तांब्याचीच घ्यावी : पहिल्यास २.५ चौरस मिलिमीटरची, दुसऱ्यास ४ ची घेतल्यास उत्तम. गिझरसाठीं बोर्डापासून स्वतंत्र फेरी आणावी व तिच्या आरंभीं १६ अँपिअरचा एम.सी.बी. बसवावा. दिव्याच्या बोर्डावरील ६ अँपिअरच्या प्लगांतून, अथवा लांबवलेल्या दोरीनें गिझर चालविणारे गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्या प्लगाचा रंग पिवळा पडलेलाहि आम्हीं पाहिला आहे.

आतां कामाची खरी जोखीम जोडण्यांत नसून त्याच्या आधींच्या घटकेंत आहे. आपल्याकडे वीज वारंवार जाते, आणि ती गेलेली पाहून लोक कामास हात घालतात. गेलेली वीज ही बंद केलेली वीज नव्हे. ती न विचारतां परत येते. मेन स्विच बंद करावा, फ्यूज असल्यास त्याची पकड काढून आपल्या खिशांत ठेवावी, एम.सी.बी. असल्यास त्यावर चिकटपट्टी लावून पेटीपाशीं घरांतील एक समजुतदार माणूस उभा करावा. इन्व्हर्टर असेल त्या घरीं मेन बंद केल्यानेंहि कांहीं तारा जिवंत राहतात. तो वेगळा बंद करावा. छपरावर सौर पट्ट्या असतील तर त्यांचाहि स्विच पाहावा.

यानंतर वीज खरोखर गेली कीं नाहीं याची परीक्षा. पेचकसासारख्या टेस्टरवर आमचा भरंवसा नाहीं. कोरड्या लांकडी स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं तो नीट पेटत नाहीं, आणि उजेडांत त्याची मंद चमक दिसत नाहीं. मल्टिमीटर घ्यावा. तो आधीं चालू प्लगावर लावून बरोबर दाखवितो हें पाहावें. मग कामाच्या जागीं फेज व न्यूट्रल, फेज व अर्थ, न्यूट्रल व अर्थ अशा तीन जोड्या तपासाव्यात. आणि शेवटीं पुन्हां एकदां दुसऱ्या चालू जागीं, म्हणजे शेजारच्या घरीं किंवा इन्व्हर्टरच्या स्वतःच्या प्लगावर, मीटर शाबूत आहे याची खात्री करावी. तीन जोड्या कशास, असें वाटेल. न्यूट्रल वाटेंत तुटली असेल, तर फेज व न्यूट्रल यांमध्यें मीटर शून्य दाखवूं शकतो, आणि फेज मात्र जिवंत असते.

डी.पी. स्विचच्या पाठीमागें चार पेच असतात. दोन पुरवठ्याच्या बाजूचे, दोन गिझरच्या बाजूचे. त्यांजवर एल म्हणजे फेज व एन म्हणजे न्यूट्रल अशीं अक्षरें असतात. पुरवठ्याची फेज पुरवठ्याच्या एलवर, न्यूट्रल एनवर. गिझरकडे जाणाऱ्या तारा तशाच दुसऱ्या बाजूस. येथें रंगांचा घोटाळा प्राणघातक होऊं शकतो. हल्लींच्या गिझरच्या दोरींत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची व हिरवी-पिवळी अर्थची असते. पण आपल्याकडील तीन फेजच्या वायरिंगमध्यें तांबडी, पिवळी व निळी या तिन्हीहि फेजच्या तारा, आणि काळी न्यूट्रलची. म्हणजे भिंतींतील निळी व दोरींतील निळी या नांवाच्याच बहिणी. रंगास रंग जोडणारा नवशिका येथें फसतो. अक्षर पाहून व मीटरनें ताडून जोडावें.

तारेचें वेष्टण पेचांत शिरेल तितकेंच सोलावें. एकहि केस बाहेर राहूं नये, आणि पेच वेष्टणावर बसूं नये. आवळल्यावर तार हातानें ओढून पाहावी. जुन्या घरांत ॲल्युमिनिअमची तार असेल तर तिला तांब्याच्या तारेशीं पीळ देऊन जोडूं नये. असा सांधा कालांतरानें सैल होऊन तापतो. स्विचची पेटी लोखंडी असल्यास तिलाहि अर्थिंगची तार द्यावी.

अर्थिंगविषयीं एका वाईट चालीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. खड्डा खणण्याचा त्रास नको म्हणून कित्येक ठिकाणीं प्लगामध्यें अर्थचा पेच न्यूट्रललाच जोडून देतात. सर्व ठीक असेतोंपर्यंत तें खपतें. ज्या दिवशीं न्यूट्रल तुटते, त्या दिवशीं गिझरचें सबंध लोखंडी अंग २३० व्होल्टचें होतें. नळाचे पाइप पूर्वीं लोखंडी असत, तेव्हां त्यांस तार बांधीत. आतां ते प्लॅस्टिकचे असतात, त्यांचा उपयोग नाहीं. अर्थिंगचा खड्डा निराळा करावा व उन्हाळ्यांत त्यांत पाणी घालावें.

फ्यूज किंवा एम.सी.बी. माणसास वांचवितो हा समज चुकीचा आहे. ओल्या शरीराचा विरोध एक हजार ओहम धरिला तर त्यांतून सुमारें २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एम.सी.बी. एवढ्यानें हलतहि नाहीं, पण हृदय बंद पडण्यास तो पुरतो. यासाठीं ३० मिलिअँपिअरला तुटणारा आर.सी.सी.बी. बोर्डावर असावा, आणि त्याचें परीक्षेचें बटन महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. तो असला म्हणून डी.पी. स्विच नको असें मात्र होत नाहीं. एक अपघात झाल्यावर तोडतो, दुसरा काम करण्यापूर्वीं आपण तोडतों.

स्विच न्हाणीघराच्या दाराबाहेर, कोरड्या हातानें पोंचेल अशा उंचीवर बसवावा. आंतून बाहेर हात घालून तो लावण्याची संवय मुलांस लागूं देऊं नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सन २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार नवें वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करवून घ्यावयाचें असतें. हें सर्व येथें लिहिलें तें वाचकांनीं स्वतः पकड हातीं घ्यावी म्हणून नव्हे, तर वायरमन काम करीत असतां जवळ उभें राहून काय पाहावें हें कळावें म्हणून. काम संपल्यावर स्विच बंद ठेवून, गिझरचें झांकण उघडें असतांच, वरील तीन जोड्या कांबेच्या टोंकाशीं त्याच्याकडून आपल्यासमोर मोजवून घ्याव्यात, आणि मगच पैसे द्यावेत. महिन्याभरानें मेन बंद करवून पेच पुन्हां एकदां आवळून घ्यावेत. नव्या तारेचे केस दबून पहिले पेच थोडे सैल होतात.