सांगकाम्या वाट चुकतो तेव्हा

दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवरचं मुनिरका स्टेशन ड्रोनच्या दृष्टीने मोठ्या अडचणीच्या जागी आहे. एका बाजूला दोन स्टेशनांवर आयआयटी, दुसऱ्या बाजूला तीन स्टेशनांवर विमानतळाचं टर्मिनल १. या आयआयटीत वाढलेल्या बॉटलॅब डायनॅमिक्स या कंपनीने जानेवारी २०२२मध्ये बीटिंग रिट्रीटच्या संध्याकाळी विजय चौकाच्या आकाशात १००० ड्रोन एका तालात नाचवले. विमानतळामुळे मात्र मुनिरक्याच्या गच्चीवरून परवानगीशिवाय एकही ड्रोन उडवता येत नाही.

त्या हजार ड्रोनच्या मागे हजार माणसं रिमोट घेऊन उभी नव्हती. वाट आधीच आखलेली होती आणि प्रत्येक ड्रोन आपली वाट चालत होता. शेताची फवारणी, गावठाणाची मोजणी, पुलाची पाहणी ही कामंही आता बरीचशी अशीच होतात. नकाशावर बिंदू टाकायचे, उंची भरायची, बटण दाबायचं. मग असा ड्रोन हरवला, तर चुकलं कोण? चालवत तर कोणीच नव्हतं.

ड्रोन उडवणारे अशा वेळी ‘फ्लाय-अवे झाला’ म्हणतात. म्हणजे ड्रोन पळाला. ऐकताना वाटतं, त्याच्याच मनात काहीतरी आलं. प्रत्यक्षात तो गोष्टीतल्या सांगकाम्यासारखा असतो. सांगितलं तेवढंच, सांगितलं तसंच करतो. त्यामुळे शोध घेताना पहिला प्रश्न ‘ड्रोनने काय केलं?’ हा नसतो. आपण कुठे आहोत, अशी त्याची समजूत होती, ते आधी विचारावं लागतं.

दोन रेघा

उत्तर लॉगमध्ये असतं. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांपासून व्यावसायिक ड्रोनपर्यंत अनेक ठिकाणी वापरली जाणारी ‘अर्डुपायलट’ ही मुक्त प्रणाली घ्या. उड्डाण चालू असताना ती मेमरी कार्डावर सारखी नोंद करत असते. ड्रोनला किती कलायचं होतं आणि तो प्रत्यक्षात किती कलला, हे दोन्ही आकडे तिथे शेजारीशेजारी मिळतात. त्यांचा आलेख काढला की दोन रेघा दिसतात. ड्रोन ठणठणीत असेल, तर त्या एकमेकींना चिकटून जातात.

तपासणारा त्या कुठे फुटतात ते पाहतो. रेघा अचानक वेगळ्या झाल्या आणि त्याच क्षणी एका मोटरला मिळणारा हुकूम कमाल मर्यादेला जाऊन टेकला, तर त्या कोपऱ्यातलं पातं तुटलं किंवा मोटर बसली. उंची ४० मीटर दिसत असतानाच नोंद मध्येच संपली, तर वीज गेली. बॅटरीचा कनेक्टर सैल होता का, ते बघायचं. यंत्राच्या थरथरीचा आकडा प्रति सेकंदवर्ग ३० मीटरच्या आत असला तर सहसा चिंता नसते. ६०च्या वर गेला, की उंची आणि जागा ठरवणाऱ्या संवेदकांवर विसंबता येत नाही.

खरी गंमत आणखी एका प्रकारात आहे. दोन्ही रेघा शेवटपर्यंत चिकटलेल्या, बॅटरी भरलेली, मोटरा व्यवस्थित, आणि ड्रोन थेट भिंतीवर. इथे यंत्र बिघडलेलंच नसतं. त्याची समजूत चुकलेली असते.

अडचण अशी की हे कार्ड ड्रोनच्या पोटात असतं, आणि ड्रोनच हरवलेला. तेव्हा जमिनीवरच्या लॅपटॉपने रेडिओवरून टिपलेली नोंद कामी येते. ती विरळ असते, पण शेवटचे अक्षांश-रेखांश, वेग, दिशा आणि बॅटरी तिच्यात सापडतात. त्यावर वाऱ्याचा हिशेब चढवला की कुठल्या गच्च्या आणि कुठली झाडं शोधायची, ते ठरतं.

मंगळावरचा पंचनामा

अशा तपासाचं सर्वांत विलक्षण उदाहरण पृथ्वीवरचं नाही. ‘नासा’चं ‘इन्जेन्युइटी’ हे छोटं हेलिकॉप्टर मंगळावर पाच उड्डाणांच्या आशेने पाठवलं होतं. त्याने ७२ केली. १८ जानेवारी २०२४च्या शेवटच्या उड्डाणात ते साधारण १२ मीटर वर जाऊन खाली येत असताना संपर्क तुटला. काही दिवसांनी आलेल्या छायाचित्रांत पाती मोडलेली दिसली. ना साक्षीदार, ना अवशेष हाती.

त्या वर्षाच्या अखेरीस तपासाचा निष्कर्ष आला. मंगळावर जीपीएस नाही. हेलिकॉप्टर खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने जमिनीवरचे खडे-खुणा टिपायचं आणि त्या किती सरकल्या यावरून आपला वेग काढायचं. त्या दिवशी खाली होत्या वाळूच्या एकसारख्या लाटा. धरून ठेवावी अशी खूण फारशी नव्हती. वेगाचा अंदाज चुकला आणि हेलिकॉप्टर आडव्या वेगासह उतारावर आदळलं. तोल इतक्या झटक्यात बदलला की पात्यांवर पेलवणार नाही एवढा ताण आला आणि चारही पाती टोकाकडच्या कमकुवत जागी तुटली. पात्यांनी वाळूवर आपटून घात झाला असेल, हा पहिला तर्क होता. तपासाने घटनाक्रम उलटा लावला: पाती तुटली म्हणून ते पडलं नाही, चुकीचं उतरलं म्हणून पाती तुटली.

वारा आणि सात अंश

पृथ्वीवरच्या दोन घटनाही यंत्राच्या बिघाडापलीकडेच नेतात. १४ जुलै २०२३ला मेलबर्नच्या डॉकलंड्समध्ये ऑस्ट्रेलियाच्या महिला फुटबॉल संघाच्या सामन्याआधी ५०० ड्रोनचा खेळ होता. त्यातले ४००हून अधिक गेले, बरेचसे बंदराच्या पाण्यात. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने शोधलं, तर कारण साधं होतं. वर वारा ड्रोनच्या मर्यादेपेक्षा जास्त होता. जागा धरता येईना, तेव्हा ते ठरवून दिल्याप्रमाणे खाली उतरू लागले, आणि खाली पाणी होतं. अवघड प्रश्न पुढचा होता: वारा कोणाला दिसला कसा नाही? नव्या ड्रोनसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये वाऱ्याची माहिती दाखवण्याची पद्धत बदलली होती, आणि ती चालकाच्या नजरेतून सुटली.

दुसरी घटना डिसेंबर २०२४ची, अमेरिकेत ऑर्लँडोच्या लेक इओला उद्यानातली. नाताळच्या खेळात ड्रोन एकमेकांवर आपटून प्रेक्षकांत कोसळले आणि सात वर्षांचा एक मुलगा गंभीर जखमी झाला. तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालानुसार संपूर्ण रचना मूळ आखणीपेक्षा सात अंश फिरलेली होती आणि उड्डाणाच्या मापदंडांची फाइल सर्व ड्रोनना पूर्ण पोचली नव्हती. म्हणजे बिघाड उडण्यापूर्वीच झाला होता. आकाशात तो फक्त दिसला.

मुनिरक्याच्या गच्चीवरून

समजा, रीतसर परवानगी काढून मुनिरका गावातली घरं मोजायला ड्रोन सोडला. तिथे कायकाय घडू शकतं?

सुरुवात गच्चीपासून. स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात. त्यांच्यावर ठेवलेल्या ड्रोनचं होकायंत्र फसतं. ईशान्येकडे तोंड असलेल्या ड्रोनला आपण उत्तरेकडे पाहतोय असं वाटतं. वाऱ्याने ढकललं की तो दुरुस्ती करतो, पण तिरक्या दिशेला. चूक वाढते म्हणून आणखी जोर लावतो, आणि गरगरत मोठी होत जाणारी वर्तुळं काढू लागतो. ड्रोनवाले याला ‘टॉयलेट बोल’ म्हणतात. लॉगमध्ये ही वर्तुळं अगदी स्पष्ट उमटतात.

मग जीपीएस. हे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटरवर, त्यामुळे इथे पोचणारा संदेश क्षीण. गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की वर आकाशाची पट्टीच उरते. संदेश भिंतींवर आपटून येतो आणि जागा काही मीटर सरकते. त्यात नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्ली विमानतळावर उतरणाऱ्या काही विमानांना जीपीएसचे खोटे संदेश मिळाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. विमानाला पर्यायी साधनं असतात. छोट्या ड्रोनला बहुधा नसतात.

संपर्क तुटला, तर ड्रोन ‘घरी’, म्हणजे उडाल्या जागी, परततो. पण किती उंचीवरून? अर्डुपायलटच्या मूळ सेटिंगमध्ये हा आकडा १५ मीटर आहे. त्याहून खाली उडणारा ड्रोन १५ मीटरवर चढतो आणि सरळ निघतो. ड्रोन जमिनीवरून उडवला असेल आणि पाच-सहा मजल्यांवर पाण्याची टाकी असेल, तर वाटेत टाकी येते. सेटिंग बदलायचं राहिलं, एवढंच. शिवाय पंधरा ऑगस्टच्या आसपास पतंगांचा मांजा असतो आणि दिल्लीच्या आकाशात घारींची कमी कधीच नसते. घार झडप घालते तेव्हा त्या दोन रेघा एकदम फाटतात आणि मोटरा मात्र निर्दोष दिसतात.

उंचीचा घोळ महाराष्ट्रात जास्त छळतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली, आणि पुढे अशाच मोजणीची केंद्राची ‘स्वामित्व’ योजना २४ एप्रिल २०२०ला जाहीर झाली. गावाच्या डोक्यावर मल्हारगड उभा आहे. ड्रोनची उंची बहुतेक वेळा उडाल्या जागेपासून मोजली जाते. गावठाणात उडवून ६० मीटर उंची भरली आणि बिंदू गडाच्या दिशेला टाकला, तर ड्रोन उंची इमानेइतबारे राखेल. डोंगर मात्र चढत जाईल.

उत्तर कुठे थांबतं

२०२१च्या ड्रोन नियमांनुसार अपघाताची माहिती ४८ तासांत ‘डिजिटल स्काय’ या व्यासपीठावरून नागरी विमान वाहतूक महासंचालकांना द्यावी लागते. नियम आवश्यकच आहे, पण कळवणं म्हणजे तपास नव्हे. कळवताना ‘जीपीएस गेलं’ किंवा ‘वारा आला’ असं लिहून मोकळं होता येतं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाचा ड्रोन त्याच कारणाने जातो. मेलबर्नचा तपास वाऱ्यापाशी थांबला असता, तर दोष हवामानावर जाऊन संपला असता. तो चालकासमोरच्या पडद्यापर्यंत गेला म्हणून कामाचा ठरला.

वारा येणारच, जीपीएस जाणारच, घारही येणारच. ते झाल्यावर काय करायचं, हे कोणी सांगून ठेवलं होतं का, आणि सांगितलेलं ड्रोनपर्यंत पोचलंय याची खात्री उडवण्यापूर्वी केली होती का, हे दोन प्रश्न तपासाच्या कागदावर लिहिलेले नसतील, तर तपास अजून सुरूच झालेला नाही.