पाच पोरं भरली पाहिजेत

मनरेगा कायद्याच्या अनुसूचीत एक तरतूद होती. कामावरच्या बायकांसोबत पाच किंवा त्याहून जास्त लहान मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला रोजची मजुरी द्यायची. मला ही तरतूद फार आवडली होती. मूल सांभाळणं हेही काम आहे, त्याचा दाम खणण्याइतकाच, असं सरळ मानणारे कायदे आपल्याकडे थोडेच. शिवाय पगारातून दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, व्यवसाय कर कापला जातो, आणि 1975 साली महाराष्ट्रात तो बसवला गेला रोजगार हमीच्या खर्चासाठीच. तेव्हा आपले पैसे कुठं जातात ते बघावं, म्हणून 2023 च्या मे महिन्यात अंबाजोगाई तालुक्यातल्या एका कामावर गेले.

बालाघाटाच्या उतारावर समतल चर खोदणं चाललं होतं. सकाळी मोबाइलवर फोटो, तो चढला तर हजेरी. रेंज सापडेना म्हणून रोजगार सेवक हात उंच धरून माळावर फिरत होता. फिरता फिरताच त्यानं विचारलं, "पाच भरली का?"

भरली होती. लिंबाच्या दोन फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या, खाली पोत्यावर तीन मुलं, आणि मधोमध त्यांना सांभाळायला नेमलेली आजी. एका झोळीची दोरी तिनं पायाच्या अंगठ्याला बांधली होती. पाय हलत होता, हात दुसऱ्याच्या तोंडात भाकरीचा काला घालत होते, आणि नजर तिसऱ्यावर होती. त्यानं मुरमाचा खडा तोंडात घातला, तशी आजीनं बोट घालून तो बाहेर काढला. "थूक मेल्या, थूक." झोळ्यांच्या आसपास आंबलेल्या दुधाचा आणि टाळूवर थापलेल्या तेलाचा वास दाटला होता. धूळ उडाली तरी तो वास हटत नव्हता.

रडणं ऐकून आजी ओळखायची, कोण भुकेलंय आणि कोण नुसतंच कुरकुरतंय. भुकेचं असलं की चराकडं हाक जायची. मग आई वर यायची, पदरानं धूळ पुसून पाजायची आणि निम्म्यातच परत खाली उतरायची. चराची मोजणी घनमीटरात होते. पाजण्यात गेलेली वीस मिनिटं त्या मापात कुठंच बसत नाहीत. त्या वर्षी महाराष्ट्राचा दर 273 रुपये होता. खोदाई मापापेक्षा कमी भरली की खणणाऱ्या गटाच्या हाती त्याहून कमी पडायचे, आजीला मात्र रोजानं 273. यावरून धुसफूस होतीच. "आमी उन्हात, ती सावलीत, अन् 273 तिला," एक जण फावडं टेकून म्हणाली. पण तिचंही पोर त्याच सावलीत निजलं होतं.

पोत्यावरची दोन वर्षांची मुलगी सकाळपासून हलली नव्हती. हात लावला तर अंग चांगलंच तापलेलं. तिच्या आईला विचारलं, घरी का नाही ठेवलं?

"घरी ठेवलं तर चारच राहत्यात की ताई."

चार झाली की नेमणूक गेली. मग आजीनं टिकाव घ्यायचा आणि पोरं बांधावर मोकळी. बाकीच्या बायकांनीच हिला आणायला लावलं होतं, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटेना. इथल्या एकीचं बाळ तीन महिन्यांचं होतं. कचेरीतल्या बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पाळणाघरही. हिच्या वाट्याला मात्र लिंबाची सावली, तीही पाचवं पोर तापानं फणफणलेलं असलं तरी आणून ठेवायच्या बोलीवर! ज्यानं पाचाचा आकडा घातला त्याचा हेतू वाईट नसेल. पण त्यानं मोजली ती पोरं. चार पोरं असली तरी सांभाळणारीचे दोन्ही हात गुंततातच, हे कुणी धरलंच नाही.

आजीनं ओला फडका मुलीच्या कपाळावर ठेवला आणि तो वाळला की पुन्हा भिजवला. बोलता बोलता बहात्तरच्या दुष्काळाचं निघालं. तेव्हा ती दहाएक वर्षांची होती. आई खडी फोडायची, कामावर सुकडी मिळायची, आणि धाकटा भाऊ दिवसभर हिच्या कडेवर.

"तवा बी हेच काम व्हतं माजं," ती म्हणाली. "पैसं आत्ता मिळायलेत."

दुपारच्या फोटोसाठी सगळ्या उभ्या राहिल्या, आजीही कडेवर एक घेऊन. तापलेल्या मुलीच्या आईनं तिथूनच फोन लावला. उद्या ती लेकीला दवाखान्यात नेणार होती, म्हणून नणंदेला सांगत होती, "तुजा बारका धाड की आठ दिवस. आजी हाय सांभाळाया. अन् सकाळच्या फोटोआधी धाड, मागनं मोजीत नाहीत."