नेट बदलायच्या आधी वायर बघा

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात ऐन हंगामात आमच्या मसाला केंद्रावर कामं अडकायला लागली. पुढं दुकानात गिऱ्हाईक उभं, मागं गोदामात लेबल छापायचं मशीन गप्प, आणि ऑफिसातल्या ताई म्हणायच्या, "माझं तर चालू आहे की!" एका दुकानदारानं सांगितलं, नेटचा मोठा प्लॅन घ्या. घेतला. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले. लेबल तरीही अडकतच राहिलं. नंतर कळलं, दोष नेटचा नव्हताच. गोदामाकडं जाणारी वायर मध्येच तुटली होती. ती कुणीतरी पिळून, चिकटपट्टी मारून जोडली होती, आणि वर मोटारीच्या लाईटच्या वायरीला बांधून नेली होती. ते पैसे गटांच्या नफ्यातून गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. नळयोजनेची लाईन आपल्या टाकीपर्यंत येते, आणि टाकीपासून स्वयंपाकघर, मोरी, गोठा इथपर्यंत आपली पाइप असते. मोरीत पाणी कमी येतंय म्हणून ग्रामपंचायतीला दोष देऊन चालत नाही, आधी आपली पाइप तपासावी लागते. संगणकाचं तसंच आहे. कंपनीचं नेट राउटरच्या खोक्यापर्यंत येतं. तिथून दुकानातला संगणक, गोदामातलं मशीन, ऑफिसातले लॅपटॉप यांना जोडणाऱ्या वायरी आणि वायफाय ही आपली घरातली पाइप. हिलाच नेटवर्क म्हणतात. ऑफिसच्या संगणकावरून गोदामात लेबल छापलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा ते काम बाहेर नेटवर जातच नाही, आतल्या आतच होतं. मग प्लॅन कितीही मोठा घ्या, काय फरक पडणार?

दोष कुठं आहे हे कळायला अर्धा तास पुरतो. लॅपटॉप राउटरजवळ न्या, वायरीनं थेट जोडा आणि वेग मोजा. मोबाईलवर मोजतो तसाच मोजायचा. मग तोच लॅपटॉप गोदामात नेऊन तिथल्या वायरीला जोडा, परत मोजा. राउटरजवळच कमी असेल तर कंपनीला फोन करा. राउटरजवळ चांगला आणि गोदामात कमी असेल तर घरातली पाइप गळतेय. दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. दुरुस्तीवाला आला की वही पुढं करायची, मग तो उगाच नवीन वस्तू गळ्यात मारत नाही.

वायरीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक पैसा इथं वाचतो किंवा बुडतो. या वायरीत ८ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या ४ जोड्या. १०० एमबीपीएस वेगाला २ जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. म्हणजे यातली एखादी तार उंदरानं कुरतडली किंवा टोकाच्या पिनेत नीट बसली नाही, तर काम पूर्ण बंद पडेलच असं नाही. वेग गुपचूप खाली येतो आणि आपण नेटला शिव्या देत बसतो. वायरीवर कॅट ५ई किंवा कॅट ६ असं छापलेलं असतं. आपल्या कामाला दोन्ही चालतात. मात्र आतली तार तांब्याचीच मागा. स्वस्तातल्या वायरीत आत ॲल्युमिनियम आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडनं तार खरवडा, आत पांढरी चमक दिसली तर परत करा. एक सलग वायर १०० मीटरच्या आत हवी, मध्ये पिळून जोड नको, आणि लाईटच्या वायरीपासून लांबून न्यायची. दुकान एका इमारतीत आणि गोदाम अंगणापलीकडं दुसऱ्या इमारतीत असेल, तर मधला टप्पा फायबरचा करून घ्या. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज वाहत नाही. तांब्याच्या वायरीतून मात्र वीज पडल्यावर दोन्हीकडची मशीनं जळू शकतात.

वायफायवर मशीन चालवायचा मोह होतो, वायर ओढायचा त्रास नाही ना! पण पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय धड पोचत नाही, पत्रा ते अडवतो. बिलाचा संगणक आणि लेबलचं मशीन वायरीवरच ठेवा, मोबाईलला वायफाय द्या. आणि राउटर कुटणीच्या खोलीत नको. मिरचीची भुकटी त्याच्या भोकांत बसते आणि खोका तापतो.

एवढं बघूनही राउटर किंवा स्विच (म्हणजे एका वायरीच्या चार-आठ करणारं खोकं) बदलायचाच ठरला, तर तो उन्हाळ्यात बदलू नका. पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा, बाजाराचा दिवस टाळून, सकाळी बदला. आदल्या दिवशी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन तो कपाटात ठेवा. सगळ्या वायरींना दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नाव लिहा: दुकान, गोदाम, ऑफिस. एका वेळी एकच वस्तू बदलायची. राउटर आणि स्विच दोन्ही एकदम बदलले आणि काम बंद पडलं, तर दोष कुणाचा ते कळत नाही.

नवीन राउटर लावला की हमखास एक घोटाळा होतो. प्रिंटरला घर नंबरासारखा एक आकडा दिलेला असतो. नवीन राउटरची आकड्यांची मालिका वेगळी असली तर संगणकाला प्रिंटर सापडत नाही, आणि मग "प्रिंटर बिघडला" म्हणून आणखी एक बिल येतं. जुना राउटर काढायच्या आधी हे आकडे वहीत उतरवून घ्या आणि नव्यावर तीच मालिका ठेवायला सांगा. वायफायचं नाव आणि पासवर्डही जुनाच ठेवला, तर सगळे मोबाईल आपोआप जोडले जातात. जुना खोका लगेच भंगारात देऊ नका. महिनाभर नवा नीट चालू दे, नाहीतर त्याच दिवशी जुना परत लावता आला पाहिजे.

खर्च मात्र ठराव करून, तीन दरपत्रकं घेऊन करा. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड केंद्राच्या नावानं असू दे, कुणाच्या भाच्याच्या नावानं नको.

आता पासवर्ड. ते दोन असतात. एक वायफायचा, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा खुद्द राउटरचा, ज्यानं आतली मांडणी बदलता येते. बऱ्याच ठिकाणी तो कंपनीनं घातलेला तसाच राहतो किंवा फक्त बसवणाऱ्या पोराला माहीत असतो. तो पोरगा पुण्याला नोकरीला गेला की आपण दाराबाहेर! म्हणून काम संपल्यावर, पैसे द्यायच्या आधी, दुसरा पासवर्ड आपल्यातल्या एकीनं स्वतःच्या हातानं बदलायचा. गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचंच असेल तर त्यांच्यासाठी वेगळं, पाहुण्यांचं वायफाय चालू करून घ्या, म्हणजे ती मंडळी आपल्या हिशेबाच्या संगणकापर्यंत पोचत नाहीत.

आमच्याकडं दोन्ही पासवर्ड, प्रिंटरचा आकडा आणि नेट कंपनीचा ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहून पाकिटात बंद केलाय. एक पाकीट कोषाध्यक्षांच्या कपाटात, दुसरं महासंघाच्या कार्यालयात. पाकीट फोडलं तर त्यावर तारीख आणि दोघींच्या सह्या, आणि पुढच्या बैठकीत नवं पाकीट.