तापलेला समुद्र आणि वादळाची वेळ

मे २०२२च्या दुसऱ्या आठवड्यात विषुववृत्ताच्या उत्तरेला बंगालच्या उपसागरात ‘असानी’ आणि दक्षिणेला हिंदी महासागरात ‘करीम’ ही चक्रीवादळे एकाच वेळी घोंघावत होती. पाणी तापले की वादळ उठते, एवढ्याने या जुळ्यांचा उलगडा होत नाही. साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार पाणी लागते हे खरे. पण आपल्याकडचे समुद्र महिनोन्महिने तेवढे उबदार असतात. जुलैतही असतात, तरी तेव्हा चक्रीवादळ क्वचितच होते, कारण मोसमी वाऱ्यांच्या वर उलट दिशेने वाहणारे पूर्वेचे वारे त्याची उभी रचना मोडतात. म्हणजे उष्णता वादळाला पोसते. त्याची वेळ आणि जागा ठरण्यात मात्र वातावरणातल्या लहरींचा मोठा वाटा असतो.

वारा, दाब आणि पाऊस यांचे हजारो किलोमीटर पसरलेले, सरकते चढउतार म्हणजे या लहरी. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी १९७१मध्ये उजेडात आणलेले आंदोलन त्यांतले बलाढ्य. त्यात ढगांचा विशाल पट्टा ३० ते ६० दिवसांच्या अंतराने हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सरकतो आणि त्याच्या मागे विषुववृत्तावर पश्चिमेचे वारे जोर धरतात. दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर वारे पूर्वेकडून येत असतात. या विरुद्ध प्रवाहांमध्ये हवेला पीळ पडतो: उत्तरेला घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, दक्षिणेला काट्यांप्रमाणे. दोन्हीकडे चक्रीवादळाला हवी तीच फिरकी मिळते. शिवाय लहरीच्या पावसाळी टप्प्यात मधल्या थरांतली हवा ओलावते आणि गडगडाटी ढग टिकून राहतात.

लहरी तर सतत येतात, मग दर वेळी वादळ का होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असे, की लहर वादळाची हमी देत नाही, शक्यता वाढवते. आफ्रिकेवरून दरवर्षी सुमारे ६० लहरी अटलांटिककडे निघतात. बहुतेक विरून जातात, पण तिथली बहुतेक अतितीव्र वादळे त्यांच्यातूनच जन्मतात. तापमानवाढीच्या काळात लहरींचे काय एवढे, असेही कोणी म्हणेल. तापलेले पाणी वादळाची ताकद वाढवू शकते, पण ते याच आठवड्यात उठेल की पुढच्या, हे सांगत नाही. लहरींचा माग काढता येतो म्हणूनच भारतीय हवामान विभाग दोन आठवडे आधी वादळाच्या शक्यतेचा अंदाज देऊ शकतो. मे महिन्यात कोकणातून खोल समुद्रात जाणाऱ्या नौकांसाठी हा अवधी मोलाचा आहे. हा अंदाज ‘शक्यता कमी’ किंवा ‘जास्त’ अशा सरळ शब्दांत प्रत्येक बंदरावर पोहोचला पाहिजे.